पाठमोऱ्या बायका

दारावर थाप पडली तेव्हा सिरिल प्रॅग्नेल जहाजावरच्या कामगारांच्या न्हाणीघरात दिवा मालवून फिल्म धूत होता.

"नॉबी, चल निघ! उजेड आला तर सगळं जाईल."

नॉबी त्याच्याच पाळीतला स्ट्युअर्ड. एरवी बाहेरून ओरडायचा, "अंडी उबवतोयस का रे?" आज कोणी बोललं नाही. दहा मिनिटांनी सिरिल बाहेर आला. मुख्य स्ट्युअर्ड हातात तार घेऊन उभे होते. ते कधी कोणासाठी थांबत नसत. सिरिलला तिथंच कळलं.

त्याची बायको ऑलिव्ह काल इस्पितळात वारली होती. साउदॅम्प्टन सोडून जहाजाला तिसरा दिवस होता.

फिल्म तशीच टांगून राहिली. सिरिल खोल्याखोल्यांत चहा पोचवत होता, चादरी बदलत होता. जहाज हलकं झुले आणि त्याला वाटे, आपण जागचे हललेलो नाही, समुद्रच खालून सरकतोय. न्यूयॉर्कहून परत येईपर्यंत तिची माती होऊन गेली होती.

अकरा वर्षं तो 'ऑल्बिना' या आपल्या जहाजावरची माणसं कॅमेऱ्यात टिपत होता: बटाटे सोलणारी, इस्त्री करणारी, जेवता जेवता झोपलेली. प्रत्येक फोटोमागे ऑलिव्ह पेन्सिलीने नावं लिही. दर फेरीचा पहिला फोटो धक्क्याचा. शटर दाबलं की तो कामाला खाली पळे. त्या फोटोत निरोपाला आलेल्या सगळ्या बायका पाठमोऱ्या. त्यांच्यात समज होता, जहाज दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचं नसतं. बघितलं तर पुन्हा भेट होत नाही. ऑलिव्ह हे कसोशीने पाळी.

"माझी नुसती पाठच जमवलीस," ती म्हणे. "तोंड बघवत नाही वाटतं?"

घरी आल्यावर स्वयंपाकघराचे पडदे ओढून त्याने ती फिल्म छापायला घेतली. नॉबी सोबतीला होता. औषधाच्या तबकात कागदावर धक्का हळूहळू उमटला. पाठी, स्कार्फ, पाठी. मध्येच एक चेहरा.

नॉबी वाकला. "अरे, ही तर ऑलिव्ह. विसरली की काय?"

"ती विसरायची नाही."

"मग?"

सिरिलने तबक जरा हलवलं. "निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरकडे गेली होती. दात दाखवून आले, म्हणाली."

नॉबी खुर्ची ओढून बसला.

फोटो वाळला. सिरिलने तो उलटा केला, खणातून तिची पेन्सिल काढली.

मागे नाव लिहायचं अजून राहिलंय.