काटा मध्यावर येण्याआधी

तापमानाचा काटा मध्याच्या दोन रेघा खाली असतानाच वडिलांच्या वेळच्या जुन्या कामगाराने, युसेबिओने, ट्रक बंद केला; शेजारी बसलेली बर्निस काट्याकडेच बघत होती. गवत कापायचं पुढचं अंगण आलं होतं. ओहायोतल्या त्या वस्तीत त्यांच्याकडे अशी चौदा अंगणं होती, सगळी एकमेकांजवळ.

वडील गेल्यावर बर्निसने त्यांचा धंदा चालवला, त्यांचा डिझेल ट्रकही. आता तो ट्रक थकला होता. नवा डिझेलचा घ्यावा की पेट्रोलचा, हे ती वसंतापासून टाळत होती. ‘घ्यायचा तर डिझेलचाच’ हा वडिलांचा शब्द तिला मोडवत नव्हता.

छोट्या फेऱ्यांत डिझेल इंजिन पुरतं तापत नसे आणि धूर गाळणारी जाळी काजळीने तुंबायची. ती जळून साफ व्हावी म्हणून युसेबिओ दर शुक्रवारी ट्रक तासभर हायवेवर नुसताच पळवून आणायचा. बर्निसने आज तेच बोलून दाखवलं.

"नुसताच कसा? येताना डोनट आणतो की!" तो म्हणाला. "तुझे वडील असते तर डिझेलच घेतलं असतं, पोरी."

"ते दगड-माती ओढायचे, युसेबिओ. आपण गवत कापतो."

बर्निसने पुन्हा काट्याकडे पाहिलं.

"डोनट मी आणत जाईन," ती म्हणाली. "आपण पेट्रोलचा घेऊ."