भावजयीकडचा पासवर्ड

बाबांच्या जमीन-मोजणीच्या ऑफिसात मी कॉलेज संपल्यापासून नकाशे काढते आहे, आणि कॉम्प्युटरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड आहे भावजयीकडे. ती आली हिशेब बघायला आणि बघता बघता बाबांच्या गळ्यातला ताईत झाली. मी मनात तिला गोडबोली म्हणते. माझा गुन्हा काय, तर एकदा फुकटचा फॉन्ट उतरवला आणि सोबत आलेल्या व्हायरसने सगळे कॉम्प्युटर झोपवले. कॉम्प्युटर कधीच बदलले, बाबा तो फॉन्ट विसरायला तयार नाहीत.

परवा माझ्या कॉम्प्युटरवर नकाशांचं नवं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. अर्थात माझ्या खुर्चीत ती बसली, माझी उशी पाठीला घेऊन. पासवर्ड टाकला, इन्स्टॉलर सुरू झाला. त्याला लागणाऱ्या फाइली होत्या मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर. आम्हाला ती जागा झेड ड्राइव्ह म्हणून दिसते. इन्स्टॉलर म्हणाला, झेड सापडत नाही.

"ताई, मला झेड दिसतोय. मग याला का नाही दिसत?"

मला कारण ठाऊक होतं. झेड माझ्या नावावर जोडलेला होता. इन्स्टॉलर चालत होता अ‍ॅडमिनच्या नावावर, आणि त्या नावाला झेड कुणी जोडूनच दिला नव्हता. ज्याला अधिकार त्याला दिसत नाही, जिला दिसतं तिला अधिकार नाही.

"वायर सैल असेल, बघ," मी म्हटलं.

बिचारी टेबलाखाली शिरली. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बाबा आले. "अजून नाही झालं?"

याचीच तर मी वाट बघत होते. "अ‍ॅडमिनच्या नावाने झेड पुन्हा जोडावा लागेल. ऊठ गं, मी करते. पासवर्ड सांग."

"पासवर्ड तीच टाकेल," बाबा म्हणाले. "तू जरा तिकडे बघ."

माझ्याच टेबलापाशी मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तिथूनच झेड जोडायच्या कमांडचं एकेक अक्षर सांगितलं, तिनं टाइप केलं, आणि इन्स्टॉलरला झेड दिसला.

"बघ, किती शांतपणे केलं तिनं!" बाबा मला म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच. त्यात आंधळी मी ठरते, हे नंतर लक्षात आलं.

"ताईंनीच सांगितलं, बाबा," ती म्हणाली. मला त्याचाही राग आला. मोठी आली श्रेय वाटणारी!

बाबा गेल्यावरही ती काहीतरी टाइप करत होती.

"आता काय राहिलं?"

"काही नाही. ताई, एकदा लॉग आउट करून परत लॉग इन करा ना."

मी केलं. नवं सॉफ्टवेअर तपासायला म्हणून इन्स्टॉलर पुन्हा उघडला. नेहमीची चौकट आली, पण पासवर्डची जागाच नव्हती. फक्त विचारलं होतं, हो की नाही. तिनं माझं नाव अ‍ॅडमिनमध्ये घातलं होतं.

"बाबांना नका सांगू," उशी माझ्या हातात देत ती म्हणाली. "आणि फॉन्ट तेवढे बघून उतरवा."

जे बाबांनी आजवर दिलं नाही, ते तिनं दिलं. आता तिच्यावर जळायला कारणच उरलं नव्हतं. तरी जळलेच. बाबांना न विचारता मी जन्मात केलं काय, तर एक फॉन्ट उतरवला.