फोटोत काळा आलेला मी

मी एक कण बोलतोय. शोधू नका, सापडणार नाही. तुमच्या एका केसाच्या जाडीत माझी हजारेक भावंडं शेजारी शेजारी उभी राहतील.

प्रयोगशाळेत जन्मलो. पोटात लोखंडाचा दाणा, वर चरबीचं पांघरूण आणि त्यात जपून ठेवलेला जनुकाचा तुकडा. गाठीत शिरून तिला 'वाढ' म्हणणारा निरोप बंद पाडायचा, आणि लोखंडाच्या जोरावर एमआरआयच्या फोटोत 'पोचलो' म्हणून कळवायचं, हे माझं काम.

चौलजवळच्या सोनाबाईच्या यकृतात गाठ होती. आधीची औषधं हरली होती. मी नवा, अजून चाचणीतला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलेलं, कण गाठीत पोचले तरच पुढचे डोस, नाहीतर थांबायचं. नवरा रावजी आणि नवी सून सुचिता यांच्यासोबत ती रेवसहून लाँचने मुंबईच्या इस्पितळात आली. सलाइनमधून मी तिच्या रक्तात उतरलो.

दुसऱ्या दिवशी फोटोची वेळ झाली आणि सगळं अडलं. मंगळसूत्र काढायचं होतं.

"धनी समोर उभा हाय माझा. गळा मोकळा न्हाय करायची मी!"

"अगं, मशीनला धातू चालत न्हाय," रावजी म्हणाला.

"तिला धातू चालत न्हाय, तं मला मशीन चालत न्हाय."

सुचिता लग्न होऊन आल्यापासून चार शब्दही धड बोलली नव्हती. ती गुपचूप खाली गेली, वाण्याकडून हळकुंड आणलं, पिवळ्या दोऱ्यात बांधलं. "आई, मंगळसूत्र ओवायला दिलं की गळ्यात हेच बांधतात ना?"

सोनाबाईने सुनेकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. "बांध. घट्ट बांध."

फोटो निघाला. पडद्यावर गाठ काळीकुट्ट! रावजी मटकन खाली बसला. "काळी पडली. संपलं सगळं."

"काका, उठा," डॉक्टरीणबाई हसत होत्या. "ते काळं म्हणजे आमचं औषध. गाठीत शिगोशीग भरलंय."

"मंग आधी सांगायचंत की, बाय!" सोनाबाई कडाडली. "माझा म्हातारा गेला असता ना हकनाक!"

डोस चालू राहिले. पुढच्या फोटोत गाठ निम्मी झाली. त्याच्या पुढच्या फोटोत ती होती कुठे, हे डॉक्टरीणबाईंना बोट ठेवून दाखवावं लागलं.

मी आता कण राहिलेलो नाही. काम झाल्यावर यकृताने मला विरघळवलं आणि माझं लोखंड नव्या लाल पेशींसाठी रक्ताने उचललं. सध्या लावणी चाललीय. सोनाबाई गुडघाभर चिखलातून सुनेवर ओरडते, "वाक जरा! भात लावतेस का हार ववतेस?" आणि सुचिताही आता उलट उत्तर देते.

मला बघायचं असेल, तर मशीन नको. ओरडून ओरडून तांबडा झालेला सोनाबाईचा चेहरा बघा. तिथेच आहे मी.