पडलेल्या चंद्राची टेप

मित्रांनो, जवळ या, पण आधी हात पुसा. धूळ मला मुळीच सोसत नाही. मी दूरचित्रवाणी केंद्रातली एक जुनी व्हिडिओ टेप आहे. माझ्या पोटात मुलांच्या कार्यक्रमाचा एक अख्खा भाग आहे. त्यात गोष्टीवाल्या ताई पुठ्ठ्याच्या चंद्राखाली बसून गोष्ट सांगतात. सुरुवातीलाच त्या दटावतात, "गोष्ट अर्धी टाकून उठायचं नाही हं!" एके काळी घरोघरची मुले माझी डोळ्यांत प्राण आणून वाट बघत. मग नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी तळघरातल्या कपाटात झाली. तिथे मी कित्येक वर्षे कुढत पडले होते.

एक दिवस ताईंची नात धापा टाकत आली. टेपा सांभाळणाऱ्या काकूंना तिने मोबाइल दाखवला. कुणीतरी पूर्वी घरी उतरवून घेतलेला माझा एवढासा तुकडा त्यात होता. चित्र मुद्दाम काळपट केलेले, ताईंच्या डोक्यामागून येणाऱ्या काळ्या हाताभोवती लाल वर्तुळ, आणि वर मथळा: 'शापित कार्यक्रम! शेवटपर्यंत बघा, अंगावर काटा येईल!' शेवटपर्यंत म्हणे! आणि दाखवले काय, तर नुसते शेपटाचे टोक. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

"काकू, आजी वाचनालयात गोष्टी सांगते ना, हे बघितल्यापासून तिथे एकही मूल फिरकत नाही," नात रडवेली झाली. "ती म्हणते, बंदच करते आता."

काकूंनी मला हलक्या हाताने पुसून जुन्या यंत्रात घातले. इतक्या वर्षांनी फीत चिकटली तर? मला धडकीच भरली, पण मी नेटाने फिरले. पडद्यावर चंद्राची दोरी तुटली. मागून काळ्या बाहीचा हात आला आणि त्याने चंद्र वरच्यावर झेलला! ताई खळखळून हसल्या. "अगंबाई, चंद्र पडला की! पण आपले सुतारमामा आहेत ना. या मामा, पुढे या!" मागच्या अंधारात दिसू नये म्हणून काळे कपडे घातलेले मामा लाजत लाजत पुढे आले.

"नेमकं हेच कापलं त्यांनी!" नात टुणकन उठली.

तिने दारोदार जाऊन मुलांना आणि त्यांच्या आईबापांना वाचनालयात बोलावले. तिथे काकूंनी जुने यंत्र आणून माझा अख्खा भाग दाखवला. मामांनी चंद्र झेलला आणि टाळ्यांनी खोली दणाणली.

"पण भूत कुठंय?" एका चिमुरडीने विचारले.

"ते काय, लाजतंय बघ!" पडद्यावरच्या मामांकडे बोट दाखवत ताई म्हणाल्या, आणि त्यांना हसता हसता रडू आले.

मित्रांनो, कुणी लाल वर्तुळ दाखवले तर आधी विचारा, याच्या अगोदर काय झाले आणि नंतर काय झाले? आणि आम्हा जुन्यांना जपा. आम्हीच नसलो, तर तो तुकडाच खरा ठरेल.

आता ताई पुन्हा गोष्टी सांगतात. "गोष्ट अर्धी टाकून..." एवढे त्यांनी म्हणायचा अवकाश, की सगळी खोली ओरडते, "उठायचं नाही!"