लाल गाठीचा कुत्रा

माझा मुलगा माणसांना काही विचारत नाही. विचारतो ते कागदाला. चपला घ्यायच्या तरी आधी यादी. मुलगी बघायला गेलो तेव्हाही खिशात प्रश्नांचा कागद होता, सून अजून म्हणते, "मला वाटलं, विमा विकायला आलेत." घरात मी त्याला साहेब म्हणते. त्याला ते खरंच वाटतं.

तर या साहेबांनी घरासाठी कुत्रा ठरवला. कोणाला न विचारता, एकट्याने जाऊन, शब्द देऊन आले.

कुत्रा हवा होता नातीला. नऊ वर्षांची पोर, आवाज मोठा आणि छाती नाजूक. केसाळ जनावर जवळ आलं की डोळे लाल, नाकाला धार, मग छातीत शिट्टी. शेजारच्या मांजरीने तिला दोनदा दवाखाना दाखवलाय. शिंका सुनेलाही येतात, पण ती शिंकते आणि कामाला लागते. पोरीची शिट्टी वाजली की मात्र शिलाई मशीनवरचा माझा पाय थांबतो. आणि हीच पोर दोन वर्षं एकच धोशा लावून बसलेली. वाढदिवसाला कुत्रा, चांगले मार्क पडले तर कुत्रा, दात पडला तरी कुत्रा. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कमी केस गाळणारी जात बघा. पण आणण्याआधी त्याच कुत्र्याचा हिला त्रास होतो का, ते तपासा." साहेबांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता.

"आई, पहिला नंबर पूडल. याचे केस झडत नाहीत. वाढतच राहतात, माणसासारखे."

"तुझ्यासारखे नाहीत म्हण."

त्याने टकलावरून हात फिरवला. "दुसरा शिह त्झू."

"शी काय?"

"जातीचं नाव आहे ते."

"नावातच करून ठेवलीय, घरात काय करेल!"

नात हसून हसून खुर्चीवरून घसरली. तिसऱ्याचं नाव श्नाउझर. ते घेतानाच मला शिंक आली.

"मी पूडल बघून आलोय. पिल्लू आहे, तपकिरी. रविवारी आणायचं," साहेब म्हणाले. "तपासायचं काय त्यात? तक्त्यात स्वच्छ लिहिलंय."

मी तिसरीपर्यंत शिकले, तीही कशीबशी. पण चाळीस वर्षं कपडे शिवतेय. काही माणसांना काही कापड सोसत नाही, मानेवर पुरळ उठतं. अशा गिऱ्हाइकाला मी कापडाचा तुकडा देते आणि सांगते, दोन दिवस कॉलरच्या आत ठेव, मग माप घेऊ. कापड कितीही भारी असो. अंगाला लावल्याशिवाय कात्री लावायची नाही.

कुत्र्यालाही तोच नियम लावायचं मी ठरवलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक बाई कुत्र्यांना आंघोळ घालते, केस कापते. मी तिला कुत्र्यांची न्हावीण म्हणते, ती मला काकू म्हणते. थंडीत तिच्या गिऱ्हाइकांचे कोट मीच शिवते. ती म्हणाली, "काकू, केस हा अर्धाच भाग. खरा त्रास कोंड्याचा आणि लाळेचा. आणि एकाच जातीचे दोन कुत्रे सारखे नसतात."

"माणसांचं तरी कुठे वेगळं आहे!"

साहेबांचं पूडल तिच्याकडेच आंघोळीला यायचं. कोणाला तरी द्यायची असलेली एक शिह त्झूही होती. आणि एक श्नाउझर, पाच वर्षांचा, दाढीवाला. त्याचा म्हातारा मालक लेकीकडे राहायला गेला आणि हा मागे राहिला. मी पांढऱ्या सुती कापडाच्या तीन चिंध्या काढल्या, तिघांच्या मानेखाली, पाठीवर, तोंडाभोवती घासल्या आणि प्रत्येकीला दोरा बांधला. पूडल लाल, शी हिरवी, शिंक निळी. माझी अक्षरं कामचलाऊ आहेत, रंग पक्के.

डॉक्टरीणबाई फोनवर हसल्या, पण हो म्हणाल्या. "दिवसा करा, एका दिवशी एकच, आणि तिचा श्वासाचा पंप हाताशी ठेवा."

पहिल्या दुपारी माझ्या शिवणाच्या दुकानात, खिडकीपाशी, पोरीच्या मांडीवर हिरवी चिंधी. सून पंप घेऊन शेजारी. सात शिंका. शी बाद.

दुसऱ्या दुपारी लाल. साहेब कचेरीतून लवकर आले आणि निकाल लागायचा असल्यासारखे दारात उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. पोरीचं नाक कोरडं ठणठणीत.

"बघितलंस?" साहेब म्हणाले. "तक्ता!"

पोर दुकानभर नाचली. कापडाच्या गठ्ठ्यांना मिठ्या मारल्या, मापाच्या पुतळ्याचा मुका घेतला. मी दोरा सोडवायला चिंधी उचलली आणि तशीच उभी राहिले.

मी डावरी. शाळेत बाईंनी पट्टी मारून मारून हात बदलायला बघितला, पट्टी मोडली. माझी गाठ डावीकडे वळते आणि शेपटी खाली दडवते. हाती होती ती सरळ, बुटाच्या नाडीची गाठ. चिंधी नाकाला लावली. कुत्र्याचा वास नाही, नुसता साबणाचा.

मी काही बोलले नाही. मला ओळखणारे यावर विश्वास ठेवणार नाहीत. साहेबांची पँट शिलाई उसवली म्हणून सकाळीच माझ्याकडे टाकलेली होती. खिशात हात घातला. माझी चिंधी, माझी गाठ.

तिसऱ्या दुपारी मी म्हटलं, "लाल पुन्हा बघू." साहेबांनी माझ्या हातातली गाठ बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आई, कशाला? झालंय ना!"

"बस खाली."

चौथ्या मिनिटाला डोळे लाल. सातव्याला शिट्टी. मी चिंधी ओढून बाहेर फेकली, सुनेने पंप दिला, दोन दमात श्वास मोकळा झाला. पोर रडली ती नंतर.

"काल तर काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "आजी, मीच वाईट आहे का?"

साहेब तिच्यापुढे जमिनीवर बसले. "तू नाहीस गं. मी आहे. काल मी चिंधी बदलली."

सुनेने त्याच्याकडे असं बघितलं की मी माझ्या शिव्या गिळल्या. तिच्या नजरेपुढे त्या फिक्या होत्या. ती पोरीला तोंड धुवायला आत घेऊन गेली.

"चिंधीत काय कळतंय, असं वाटलं मला," तो म्हणाला.

"काही कळत नाही तर बदललीस कशाला?"

तो पायाखालचे दोरे गोळा करू लागला.

"ते पिल्लू माझ्या मांडीवर झोपलं, आई. मी आठ वर्षांचा असताना कुत्रा मागितला होता, तेव्हा तू काय म्हणालीस? गिऱ्हाइकांच्या काळ्या कोटांना केस चिकटतील. या पिल्लाचे तर केसच झडत नाहीत."

मला आठवत नव्हतं. म्हटलं मात्र मीच असणार. वाक्य माझंच आहे. तीसपस्तीस वर्षं हा माणूस माझ्या एका नाहीला उत्तर शोधत होता, आणि ते तक्ता करून फ्रिजवर लावलं होतं. मी सुई ओवायला घेतली. चार वेळा दोरा हुकला.

चौथ्या दुपारी निळी चिंधी. पंधरा मिनिटं, अर्धा तास, काही नाही. गाठ मी तीनदा तपासली. डॉक्टरीणबाईंना विचारून मग न्हावीण दाढीवाल्यालाच घेऊन आली, एकदा, दोनदा, आठवडाभर रोज. तो पोरीला हुंगायचा, आणि शिंकायचा तो. ती नाही.

रविवारी तो राहायलाच आला. साहेब दारात उभे. पुढे यायची हिंमत नाही, आत जायचं मन नाही. दाढीवाला सगळं घर सोडून साहेबांच्याच बुटावर जाऊन बसला. जनावराला अक्कल कमी, दुसरं काय.

पोर माझ्याकडे बघत होती, सून बघत होती. मी चष्मा काढला आणि साहेबांना सांगितलं:

"ऐक. कुत्रा पोरीचा. त्याला रोज विंचरायचं तू, पहाटे फिरवायचं तू, पावसात तर तूच. माझ्या कोटांना केस चिकटले तर तेही तूच वेचायचे, मी नाही म्हणणार नाही. आणि शिवणारणीच्या पोटी जन्मून ज्याला गाठ मारता येत नाही, त्याने लबाडी करू नये. आण तो पट्टा इकडे. गाठ मी मारते."