चोवीस भेटी

केसरीनाथचा दोन वर्षांचा अभ्यास अर्ध्या इंचानं मेला.

अंजूरचा हा पोरगा मुंबईच्या कॉलेजात एम.ई. करत होता. भिवंडीच्या लूमवर आडवं सूत नेणारा टोकदार धोटा उडून बाहेर येतो आणि कारीगराचा डोळा जातो. लूमच्या किती वेगाला तो उडतो, हे केसरीनाथला शोधायचं होतं. एकाच कारखान्यात त्यानं दोन वर्षं आकडे घेतले. लूमचा वेग काढला मोटरच्या पुलीवरून, आणि पुलीचं माप घेतलं मालकाच्या कागदावरून. तीन इंच.

शहात्तरच्या मे महिन्यात लूमची देखभाल करणाऱ्या जॉबरनं, चिंधूनं, दुरुस्तीला एक पुली उतरवली. केसरीनाथनं सहज पट्टी लावली. साडेतीन.

"ही कधी बदलली?"

"सगल्याच बदलल्यान. एकेक करून, दोन सालांत. कापड जास्ती निंगावा म्हनून शेटनी सांगला."

"कुठली कधी?"

"आता कवाची याद ऱ्हाते?"

"मला सांगायचं नाहीस?"

"तू इचारलास कवा? यायचास, कागदाव लिवायचास, जायचास. मना वाटला, कालेजवाल्याला ठाव असंल."

म्हणजे कुठला आकडा कुठल्या वेगाचा, हे आता देवालाही सांगता येणार नव्हतं. पहिल्याच महिन्यात कुणी नुसतं विचारलं असतं, पुली मोजलीस का, तर काम वाचलं असतं. हे विचारायचाच पगार कॉलेजातल्या त्याच्या सरांना मिळत होता. पण गाइड असून सर भिवंडीला एकदाही आले नाहीत. धूळ सोसत नाही म्हणे. दोन वर्षांत भेटले चारदा. एकदा नोंदणीच्या सहीला, एकदा त्यांचं कपाट नव्या क्वार्टरात चढवायला, दोनदा "नंतर ये" म्हणायला.

मोजणी पुन्हा करायला सहा महिन्यांची मुदतवाढ हवी होती. त्या अर्जावर सरांची सही लागत होती. सरांनी अर्ज बाजूला ठेवला आणि एक कोरी वही पुढं सरकवली. मार्गदर्शन सुधारायचं म्हणून कॉलेजच्या समितीनं नवा नियम काढला होता: दर महिन्याला एक भेट, दिलेला सल्ला, खाली दोघांच्या सह्या.

"मागच्या दोन वर्षांच्या चोवीस भेटी भरून टाक. मग अर्ज बघतो."

"काय लिहू, सर?"

"एम.ई. तू करतोयस ना? का तेही मीच सांगू?"

केसरीनाथ बाहेरच्या बाकावर बसला. पहिल्या तीन भेटी त्यानं कशाबशा खरडल्या. मग हात चालायला लागला. चौथ्या भेटीत सर म्हणाले, पुली स्वतः मोज, मालकाच्या कागदावर जाऊ नको, जॉबरला विचार. अकराव्या भेटीत म्हणाले, कारीगर बदलला की आकडे वेगळे लिही. सतराव्यात म्हणाले, तुझं प्रकरण वाचलं, घाई झालीय, पुन्हा कर. त्या दोन तासांत केसरीनाथला गाइड होता.

सरांनी एक ओळ न वाचता चोवीस सह्या ठोकल्या. पंचविसावी अर्जावर.

जुलैत मुदतवाढीच्या अर्जावर समितीनं बोलावलं. अध्यक्षांनी वही मात्र वाचली होती.

"चौथ्या भेटीत तुम्हाला स्पष्ट सांगितलंय, पुली मोजा. का मोजली नाहीत?"

"साहेब, या भेटी झाल्याच नाहीत. वही मी एका दुपारी लिहिली."

"ही सही तुमची?"

"माझीच."

"मग खोटं तेव्हा बोललात की आत्ता बोलताय?"

सर शेजारीच बसले होते. चष्मा पुसत होते.

"मुलगा हुशार आहे," ते हळूच म्हणाले. "ऐकत नाही."

नोंदणी रद्द झाली. वही समितीनं ठेवून घेतली, इतर प्राध्यापकांना नमुना म्हणून दाखवायला.

श्रावणात एक नवा विद्यार्थी पत्ता विचारत अंजूरला आला. त्यानं त्याच सरांकडं नाव घातलं होतं. वही वाचून आला होता.

"असा गाइड मिळायला नशीब लागतं," तो म्हणाला.

केसरीनाथनं त्याला ओट्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कपाटासकट. पोरानं मान खाली घालून ऐकलं. उठताना चपला घालत म्हणाला, "राग समजतो दादा. पण सरांचं ऐकायला हवं होतं तुम्ही."