पाणीटाकीचा रंगवलेला काटा

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. घड्याळाचा नव्हे, तराजूचाही नव्हे; गावाच्या लोखंडी पाणीटाकीचा. टाकीच्या आत एक पोकळ गोळा पाण्यावर तरंगतो. त्याची दोरी वरच्या कप्पीवरून बाहेर येते आणि तिच्या टोकाला मी. पाणी वर चढलं की मी पट्टीवरून खाली उतरतो, पाणी उतरलं की वर चढतो. भरभराटीत मान खाली घालणारा असा नोकर शोधून सापडायचा नाही.

लोहाराने मला घडवलं तेव्हा माझ्या शब्दाला वजन होतं. पंपवाले काका सकाळी आधी मला बघत, मग पंप सुरू करत. मी वर दिसलो की गल्लीगल्लीत निरोप जाई, "आज जपून वापरा गं!"

मग तपासणी आली. गावाची पाणीयोजना नीट चालली आहे का, हे पाहायला दरवर्षी पथक येणार असं ठरलं. टाकी चकचकीत हवी म्हणून रंगारी बोलावला. टाकी भरलेली होती, म्हणजे मी तळाशी होतो, शिडीवाचून हाताला येत होतो. त्याने मला आणि माझ्या पट्टीला एकदमच निळं करून टाकलं. रंग वाळला आणि मी 'पूर्ण भरली' या कोरलेल्या अक्षरांपाशी चिकटलो तो चिकटलोच. पथकाने शाबासकी दिली.

पुढे पंप थकला. टाकी भरेना, वरच्या गल्लीचे नळ कोरडे पडले. गोळा बिचारा आत हवेत लोंबकळत राहिला. दुसरा पंप हवा होता आणि तो पथकाने शिफारस केली तरच मिळणार होता. पुढच्या वर्षी पथकाचे साहेब आले, त्यांनी माझा फोटो काढला आणि म्हणाले, "टाकी तर काठोकाठ आहे."

"अहो साहेब, हा मेला काटा गेल्या वर्षीही तिथंच होता!" वरच्या गल्लीतल्या शिंपीणमावशी म्हणाल्या. "माझी सून पोटुशी आहे, खालून हंडे वाहते. जरा वाजवून तरी बघा टाकी."

"आमच्या तक्त्यात वाजवण्याचा रकाना नाही, मावशी."

मावशींनी रिकामा हंडा टाकीवर आपटला. ठण्ण! आत नुसती पोकळी.

"वा, टाकी भक्कम आहे," साहेब म्हणाले आणि तेही लिहून घेतलं.

पंप नामंजूर झाला. योजनेला बक्षीस मिळालं. मी आतल्या आत जळत होतो, पण चिकटलेल्याने बोंब तरी कशी मारावी?

एके दिवशी मावशी शिवणयंत्राचं तेल घेऊन आल्या. पट्टीवर सोडलं, कात्रीने रंग खरवडला आणि मला एक टोला दिला. गोळ्याने दोरी ओढली. मी सर्रकन वर, थेट 'रिकामी'पाशी!

काका धावत आले. "काय केलंत हे मावशी? चांगला काटा बिघडवलात! पुढच्या तपासणीला काय दाखवू?"

"रिकामी टाकी दाखवा की! पंप कशाला हवाय, ते तरी कळेल त्यांना."

काकांनी रंगाऱ्यालाच बोलावलं.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझा एखादा भाऊ असेल. त्याला रंग नको, थेंबभर तेल द्या. आणि तो वर चढला तर त्याच्यावर डाफरू नका, टाकीत डोकावा. माझं म्हणाल तर रंगारी खाली डबा ढवळत बसला आहे. शिडी आणायचा त्याला कंटाळा. टाकी भरेल, मी खाली येईन, म्हणून तो वाट बघतो आहे. मीही बघतो आहे. वरच्या गल्लीतली ती सूनही.